उलटा सूक्ष्मदर्शक



आज एका यंत्राची ओळख करून द्यायची आहे. पण यंत्राकडे वळण्यापूर्वी घरच्या घरी करता येण्याजोगा एक लहानसा प्रयोग सांगतो. शिक्षक बंधुभगिनी ऐकत असतील, त्यांनी तो उद्याच वर्गात करून पाहावा. सपाट तळाचा काचेचा एक पेला घ्या. त्यात चिमूटभर काळे उडीद टाका. वर अर्धा पेला पाणी ओता आणि पाणी पांढरे दिसू लागेपर्यंत त्यात दूध घाला. आता वरून डोकावून बघा. उडीद दिसतात का? नाही दिसत. मग पेला हळूच उचलून डोक्यावर धरा आणि उजेडाच्या दिशेने तळातून वर बघा. तळाला टेकलेला एकेक दाणा स्पष्ट दिसेल. पाणी तेच, उडीद तेच. आपण फक्त पाहण्याची जागा बदलली.

ज्या यंत्राबद्दल मी बोलणार आहे, त्याचे मर्म एवढेच आहे. त्याचे नाव उलटा सूक्ष्मदर्शक.

शाळेतला सूक्ष्मदर्शक आपण सर्वांनी पाहिला आहे. खाली आरसा किंवा दिवा, मध्ये काचपट्टी ठेवण्याचा मंच, वर भिंगे आणि त्याच्याही वर डोळा लावण्याची नळी. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवायचा, त्यावर पातळ काच झाकायची, की विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसू लागतात. हे यंत्र फार चांगले आहे, यात शंका नाही. पण ते जे दाखवते ते बहुधा मेलेले असते, किंवा थोड्या वेळात मरणारे असते. पापुद्रा कांद्यापासून सोललेला असतो, त्यावर रंग घातलेला असतो, आणि दोन काचांमध्ये तो दाबलेला असतो.

आता समजा, पेशी जिवंत ठेवूनच पाहायच्या आहेत. तासभर नव्हे, तर आठवडे आणि महिने. त्या कशा वाढतात, कशा दुभंगतात, औषध दिल्यावर काय करतात, रोगाचा विषाणू शिरल्यावर कशा मरतात, हे सारे पाहायचे आहे. मग त्यांना राहायला घर हवे, खायला अन्न हवे आणि ऊब हवी. प्रयोगशाळेत ही सोय सपाट तळाच्या पारदर्शक बाटलीत करतात. तिच्यात क्षार, साखर, प्रथिनांचे घटक आणि जीवनसत्त्वे असलेले खाद्यपाणी घालतात. माणसाच्या पेशी असतील तर बाटली ३७ अंश सेल्सिअसच्या उबदार पेटीत ठेवतात, म्हणजे आपल्या शरीराला असते तेवढीच ऊब. त्या पेटीतल्या हवेत शेकडा ५ भाग कर्बद्विप्राणिल वायूही मिसळतात, म्हणजे खाद्यपाण्याची आम्लता ठीक राहते. पेशी या खाद्यपाण्यात हळूहळू खाली उतरतात, तळाला टेकतात आणि तिथेच चिकटून पसरतात.

इथेच शाळेतला सूक्ष्मदर्शक हात टेकतो. त्याचे मोठे भिंग वस्तूच्या अगदी जवळ, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर न्यावे लागते. बाटलीची उंची तीन-चार सेंटीमीटर. वरून भिंग तळापर्यंत पोचायचे कसे? झाकण काढून आत घालावे, तर हवेतले जंतू आत पडले आणि पेशींचा घात झाला. शिवाय मध्ये खाद्यपाणी आहे, त्याचा हलणारा पृष्ठभाग आहे, झाकणाला आतून धरलेला दमटपणा आहे. आपली अर्जुना नदी पावसाळ्यात गढूळ होऊन वाहते, तेव्हा पुलावरून तिचा तळ दिसेल काय? तसलाच हा प्रकार.

म्हणून यंत्रच उलटे केले. दिवा वर नेला, भिंगे मंचाखाली आणली. बाटली मंचावर ठेवायची. उजेड वरून झाकण आणि पाणी पार करून खाली येतो, आणि भिंग तळाच्या पातळ भिंतीतून वर पाहते. पेशी तळालाच चिकटलेल्या असल्यामुळे भिंग आणि पेशी यांच्यामध्ये फक्त एखादा मिलिमीटर जाडीची भिंत उरते. झाकण उघडावे लागत नाही, रंग घालावा लागत नाही, पेशींना कळतही नाही की कोणी आपल्याला पाहून गेले. दोन मिनिटांत बाटली पुन्हा उबेत.

मी मूळचा राजापूर तालुक्यातला. नोकरीची बरीच वर्षे पुण्यात एका प्रयोगशाळेत अशा बाटल्या सांभाळण्यात गेली. एकदा माझी मावशी पुण्याला आली होती. जैतापूरच्या खाडीत कालवे काढण्यात तिचे आयुष्य गेलेले. ती म्हणाली, "तू दिवसभर करतोस तरी काय, ते मला दाखव बघू." मी तिला यंत्रापुढे बसवले. तिने डोळा लावला, बराच वेळ बोलली नाही, आणि मग म्हणाली, "अरे, ही तर कातळाला धरलेली कालवं!"

तिने नेमकी उपमा दिली. कालवे जशी कातळाला घट्ट धरून बसतात, एकमेकांना लागून दाटी करतात, तशाच या पेशी बाटलीचा तळ धरून बसतात. जागा भरली की बहुतेक निरोगी पेशींची वाढ मंदावते. मग त्यांना सोडवून दुसऱ्या बाटल्यांत वाटून द्यावे लागते. मावशी लोखंडी कोयतीने कालवे सोडवते, आम्ही ट्रिप्सिन नावाच्या पाचक रसाने पेशी सोडवतो. ट्रिप्सिन घातले की पाच-दहा मिनिटांत चपट्या पेशी गोल होतात आणि तळ सोडतात. ते केव्हा झाले, हेही उलट्या सूक्ष्मदर्शकातच पाहायचे. उशीर झाला तर तोच रस पेशींना इजा करतो.

तुम्ही विचाराल, पेशी तर पाण्यासारख्या पारदर्शक, मग रंग न घालता त्या दिसतात कशा? प्रश्न रास्त आहे. पेशीची लांबी-रुंदी मिलिमीटरचा पन्नासावा ते शंभरावा भाग, आणि ती आरपार. पण पेशीतून जाणारा उजेड शेजारच्या पाण्यातून जाणाऱ्या उजेडाहून किंचित मागे पडतो. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. नेदरलँड्समधील फ्रिट्स झेर्निके या शास्त्रज्ञाने या न दिसणाऱ्या फरकाचे उजेड-अंधाराच्या फरकात रूपांतर करण्याची युक्ती शोधली. १९५३ साली त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ही युक्ती उलट्या सूक्ष्मदर्शकात बसवली, आणि जिवंत पेशीची कड, तिचे केंद्रक, तिचे दुभंगणे सारे काही रंगाच्या थेंबावाचून दिसू लागले.

यंत्राचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. उलटा सूक्ष्मदर्शक पेशींसाठी जन्मलाच नाही. १८५० साली जे. लॉरेन्स स्मिथ या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने तो रासायनिक क्रिया पाहण्यासाठी बनवला. त्या काळी शरीराबाहेर पेशी वाढवणे कोणाला ठाऊकच नव्हते. ते १९०७ साली अमेरिकेतच रॉस हॅरिसन यांनी करून दाखवले. त्यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जापेशींचा बारीक तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवला, आणि तो थेंब पातळ काचेवरून खाली लोंबता ठेवला. थेंब काचेला खालून चिकटलेला, त्यामुळे वरून नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाने तो पाहता आला. मज्जातंतू त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला. पण थेंबात किती पेशी मावणार? पुढे थेंबातून नळीत, नळीतून बाटलीत अशी पेशींची शेती वाढत गेली, आणि मग उलट्या यंत्राशिवाय निभाव लागेना.

या कथेत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि तो एका बाईंचा आहे. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवीत. एम.एस्सी.साठी त्यांनी अभ्यास केला तो सीताफळ-रामफळाच्या कुळातील झाडांच्या गुणसूत्रांचा. लग्नानंतर मुंबईला आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगाच्या अभ्यासाला लागल्या. १९४९ साली त्या पीएच.डी. झाल्या. त्यानंतर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची कला, आत्मसात केली.

मुंबईला परत आल्यावर त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली पहिली म्हणून तिचा उल्लेख होतो. १९६० नंतरच्या त्या वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींचे खाद्य आणि लागणारी रसायने इथेच तयार करण्याचा उद्योग केला. श्रोतेहो, हे काम बाहेरून दिसायला लहान. पण बी-बियाणे आणि खत परगावाहून आणून शेती किती दिवस चालणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि २००१ साली त्या निवर्तल्या.

ज्या जॉर्ज गे यांच्याकडे कमलताई शिकल्या, त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली माणसाच्या पेशींचे असे पहिले वाण मिळाले, जे शरीराबाहेर अखंड वाढत राहिले. त्याचे नाव हेला. आज जगभर या पेशी आहेत, आणि कित्येक औषधांच्या शोधात त्यांचा उपयोग झाला आहे. पण या पेशी होत्या कोणाच्या? हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय आईच्या. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. उपचार करताना एक तुकडा काढून घेतला, पण तिला विचारले नाही. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ती वारली. पेशी मात्र वाढत राहिल्या, आणि घरच्यांना कित्येक वर्षे त्याचा पत्ता नव्हता. पुढे २०१३ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने तिच्या कुटुंबाशी बोलणी केली, आणि तिच्या पेशींतली आनुवंशिक माहिती कोणाला द्यायची या निर्णयात घरच्यांना स्थान दिले. आज आपल्याकडेही रोग्याची लेखी संमती घेतल्यावाचून संशोधनासाठी असा तुकडा घेता येत नाही. कोणी तुमच्याकडे अशी सही मागितली, तर कागद वाचून घ्या, न समजले तर विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण मला तिचा अर्थ पुस्तकातून नव्हे, तर माझ्या एका चुकीमुळे कळला.

तोंडाच्या कर्करोगाच्या एका रोग्याने शस्त्रक्रियेच्या वेळी आपल्या गाठीचा तुकडा संशोधनाला दिला होता. गृहस्थ तंबाखू-मिश्री लावणारे, आपल्यासारखेच खेडेगावचे. सही करताना म्हणाले होते, "माझं जे व्हायचं ते होईल, पुढच्यांना तरी उपयोग होऊ दे." अशा ताज्या तुकड्यातून पेशी निघणे सोपे नसते. दोन महिने खपून सहा बाटल्या धरल्या होत्या.

त्या दिवशी मला गणपतीसाठी राजापूरला निघायचे होते. गाडी चुकू नये म्हणून घाई. बाटल्या हातात घेऊन उजेडासमोर धरल्या. खाद्यपाण्यात एक रंग घातलेला असतो. हळदीला साबण लागला की जशी ती लाल होते, तसा हाही आम्लतेप्रमाणे बदलतो. ठीक असेल तर लाल, आम्ल वाढले तर पिवळा. त्या दिवशी रंग लाल होता. मी समाधान मानले आणि बाटल्या पुन्हा उबेच्या पेटीत ठेवल्या. रोजचा नियम असा की प्रत्येक बाटली यंत्रावर ठेवून पाहायची. त्या दिवशी मी ती ठेवली नाही. दोन मिनिटांप्रमाणे सहा बाटल्यांची बारा मिनिटे वाचवली.

परत आलो तो सहाही बाटल्या गढूळ. यंत्रावर ठेवून पाहिले, तर पेशींच्या मधून मण्यांच्या माळांसारखे यीस्ट माजले होते. आंबोळीचे पीठ फुगवणाऱ्या बुरशीच्याच जातकुळीतले हे. मी निघालो त्या दिवशी ते बहुधा एकाच बाटलीत असावे, आणि नुसत्या डोळ्याला दिसण्याइतके वाढलेले नसावे. माझ्या मागे सहकाऱ्याने खाद्य बदलताना सगळ्यांना एकाच भांड्यातून दिले, आणि एकीचे दुखणे सहा जणींना लागले. मी पाहिले असते तर ती एक बाटली बाजूला काढता आली असती, पाच वाचल्या असत्या.

बाटल्या निर्जंतुक करून टाकून द्याव्या लागल्या. पुन्हा तुकडा मागावा, तर ते गृहस्थ त्या आधीच वारले होते. त्यांनी विश्वासाने दिलेली वस्तू माझ्या हातून गेली. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एकही बाटली न पाहता पेटीत ठेवली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळांचे, आमचा त्याच्याशी संबंध काय? संबंध फार जवळचा आहे.

पुण्याला १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तेच आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळ क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. या केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधला. गोचिडीतून पसरणारा हा ताप म्हणजेच माकडताप. २०१६ साली तो आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात येऊन पोचला. काजूच्या बागांत आणि जंगलात जाणाऱ्या माणसांना त्याची झळ लागली. तेव्हा हे दुखणे राजापूरकरांना फार दूरचे आहे, असे म्हणता येणार नाही.

विषाणूचे एक वैशिष्ट्य असे की तो जिवंत पेशीतच वाढतो. पूर्वी तो वाढवण्यासाठी उंदरांची पिल्ले वापरावी लागत. पुण्याच्याच केंद्रात १९६७ साली डॉ. के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्यांपासून पेशींची वाणे तयार केली. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासांचीच ही वाणे. अशा पेशींत या रोगांचे विषाणू सहज वाढतात, आणि म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी ती वापरली.

विषाणू मात्र इतका लहान असतो की साध्या किंवा उलट्या सूक्ष्मदर्शकात तो दिसत नाही. हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नीट सांगावे, कारण पुष्कळांचा इथे गैरसमज असतो. मग पाहतात काय? पेशींवर होणारा त्याचा परिणाम पाहतात. काल कातळावरच्या कालवांसारख्या पसरून बसलेल्या पेशी आज गोल झाल्या, सुरकुतल्या, तळ सोडून तरंगू लागल्या, मध्ये मोकळ्या जागा पडल्या, असे दिसले की शास्त्रज्ञ सावध होतो. शेजारी विषाणू न घातलेली बाटली ठेवलेली असतेच. तिच्यात पेशी जागच्या जागी असतील, तर संशय बळावतो. मग इतर चाचण्यांनी खात्री करतात. हल्ली रोग्याच्या नमुन्यात विषाणू आहे की नाही, हे काही तासांत सांगणाऱ्या चाचण्या आहेत. पण तो जिवंत आहे का, वाढतो का, अमुक औषधाने किंवा लसीने थांबतो का, हे विचारायचे असेल तर पेशींनाच विचारावे लागते.

२०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा पुण्याच्या या संस्थेने रोग्यांच्या नमुन्यांतून तो विषाणू वेगळा केला. त्यासाठी ज्या पेशी वापरल्या त्यांचे नाव व्हेरो. आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून जपानमधील चिबा येथे १९६२ साली हे वाण तयार झाले होते. संस्थेने दिलेल्या विषाणूपासूनच पुढे हैदराबादला कोव्हॅक्सिन ही लस बनली. विषाणू व्हेरो पेशींवर वाढवायचा, मग तो मारून त्याची लस करायची. तुमच्यापैकी ज्यांनी ती लस टोचून घेतली, त्यांच्या दंडापर्यंत या तळाला चिकटलेल्या पेशींची वाट येऊन पोचली आहे.

पुण्याला आणखी एक संस्था आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. १९८६ साली पेशींची वाणे सांभाळणारी राष्ट्रीय सोय म्हणून तिची सुरुवात झाली. शेतकऱ्याला जसे शुद्ध बियाणे लागते, तशी संशोधकाला शुद्ध वाणाची पेशी लागते. तिथे ती द्रवरूप नायट्रोजनच्या कडाक्याच्या थंडीत गोठवून जपतात, आणि संशोधकांना पुरवतात. तिथेही गोठलेली पेशी जागी झाली की नाही, तिने तळ धरला की नाही, हे पहिल्याने कळते ते उलट्या सूक्ष्मदर्शकातच.

आता शेवटी शिक्षकांसाठी दोन शब्द. हे यंत्र महागडे आहे, आपल्या शाळांना ते झेपणार नाही. पण त्यामागचा विचार फुकट आहे. उडदाचा प्रयोग सांगितलाच. दुसरा असा करा. भाताच्या खाचरातले किंवा डबक्यातले पाणी पातळ तळाच्या काचेच्या वाटीत घ्या, तासभर न हलवता ठेवा. मग वाटी दोन पुस्तकांच्या मध्ये टेकवून उंच ठेवा आणि हातभिंग घेऊन खालून वर बघायला मुलांना सांगा. तळावर सरपटणारे बारीक जीव दिसतील. मुलांना तेच पाणी वरूनही पाहायला लावा, आणि दोन्ही वेळा काय दिसले ते वहीत लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी तीच वाटी पुन्हा पाहायची, तिसऱ्या दिवशीही. एकदा पाहून झाले म्हणजे संपले, असे होऊ देऊ नका.

कारण जिवंत वस्तूचा अभ्यास एका दिवसात होत नाही. ती आज कशी आहे हे कळायला काल कशी होती ते पाहिलेले असावे लागते. आपल्या सोयीसाठी तिला उघडून, चिरून, रंगवून चालत नाही. आपणच तिच्या जागेपर्यंत जाऊन रोज थोडा वेळ द्यावा लागतो. माझी बारा मिनिटे मला परत मिळाली नाहीत. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीने उद्या अशा बाटलीपुढे बसायचे ठरवले, तर तिला ही सवय शाळेतूनच लागलेली असावी, एवढीच माझी इच्छा आहे.